लिनक्सची डिस्क वरचेवर ‘रीड-ओन्ली’ होत असेल तर

“दादा, परत तसंच झालंय हो. पुस्तक जमा करून घ्यायला गेलं की सेव्हच होत नाही.”

तालुक्याच्या गावातल्या एका ‘क’ वर्गाच्या वाचनालयाचा संगणक मी सांभाळतो. ग्रंथपाल ताईंचा असा फोन तीन आठवड्यांत चौथ्यांदा आला होता. आधीच्या तिन्ही वेळी झालं ते असं: संगणक चालू, माउस हलतोय, सभासदांची यादी उघडतेय, पण नवी नोंद टाकली की ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ असा संदेश, म्हणजे फक्त वाचा, लिहिता येणार नाही. मग कुणीतरी बटण दाबून धरून तो बंद करायचं, पुन्हा चालू करायचं. काळ्या पडद्यावर ‘एफएससीके’ ही फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा सुरू व्हायची, पाचसहा प्रश्नांना ‘वाय’ दाबलं की सगळं पूर्ववत. पाच-सहा दिवस बरे जायचे आणि पुन्हा फोन.

ही तक्रार जुनी आहे आणि तिच्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला आहे: एफएससीके चालवा. मीही पहिल्या तीन वेळा तेच सांगितलं, आणि ते चूक होतं. एकदाच असं झालं तर ठीक आहे. पुन्हा पुन्हा होत असेल, तर एफएससीके चालवत राहणं म्हणजे छत गळत असताना रोज फरशी पुसणं. त्यात डेटा जाण्याचा धोकाही आहे.

डिस्क स्वतःहून लिहिणं का थांबवते

डेबियन, उबुंटू किंवा मिंट हे लिनक्सचे प्रकार बसवताना डिस्कच्या मुख्य विभागासाठी (पार्टिशनसाठी) ‘एफस्टॅब’ या फाइलमध्ये ‘एरर्स=रिमाउंट-आरओ’ असं लिहिलं जातं. त्याचा अर्थ असा की ‘ईएक्सटी४’ला, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींचा हिशेब ठेवणाऱ्या फाइल सिस्टिमला, स्वतःच्या नोंदींत विसंगती आढळली, किंवा जर्नल (बदलांची आधी ठेवायची नोंद) डिस्कवर उतरवता आलं नाही, तर पुढचं लिहिणं बंद करायचं आणि वाचणं चालू ठेवायचं. हिशेब जुळेना म्हटल्यावर दिवाणजी वही मिटून ठेवतात, पुढची जमा-नावे चढवत नाहीत, तसंच हे. फाइल सिस्टिम इथे आपलं काम चोख करत असते. लिहिणं कशामुळे फसलं, हा प्रश्न तिच्या खालच्या थरांचा आहे: केबल, वीजपुरवठा, डिस्क, मेमरी.

एफएससीके त्या थरांकडे बघत नाही. ते वहीतले आकडे एकमेकांशी जुळवून देतं, आणि जुळेनात तर काही पानं बाजूला काढतं. ‘लॉस्ट+फाउंड’ फोल्डरमध्ये नावं हरवलेल्या, नुसते आकडे लावलेल्या फाइली सापडतात, त्या याच पानांच्या. शिवाय दुरुस्ती करताना एफएससीकेलाही त्याच खराब केबलमधून लिहावं लागतं. मेमरीत दोष असेल तर चांगल्या नोंदी चुकीच्या समजून ते ‘दुरुस्त’ करून ठेवतं. आणि माउंट असलेल्या, म्हणजे वापरासाठी जोडलेल्या आणि लिहिण्यासाठी उघड्या असलेल्या विभागावर एफएससीके कधीही चालवू नये. धडधाकट फाइल सिस्टिमसुद्धा त्याने बिघडते.

रीस्टार्ट करण्याआधी

चौथ्या फोनला मी म्हणालो, “ताई, बंद करू नका. आहे तसा राहू दे. मी सांगतो ते टाइप करा आणि पडद्याचे फोटो पाठवा.”

हे कळायला मला तीन फेऱ्या लागल्या. लिनक्सचे सगळे लॉग ‘व्हार’ फोल्डरमध्ये, म्हणजे त्याच डिस्कवर उतरतात. डिस्क रीड-ओन्ली झाली की त्या क्षणापासूनचे कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) संदेश डिस्कवर उतरूच शकत नाहीत, फक्त मेमरीत राहतात. संगणक बंद केला की तेही गेले. दुसऱ्या दिवशी आपण ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने मागच्या बूटचा, म्हणजे मागच्या वेळी संगणक चालू होता तेव्हाचा, लॉग बघतो, तर नेमकी हवी ती दोन मिनिटं त्यात नसतात. लॉग स्वच्छ दिसतो आणि आपण म्हणतो, कारण सापडत नाही.

म्हणून पहिलं काम फोटो काढण्याचं. टर्मिनल उघडून ‘सुडो डीमेसेज’ द्यायचं (दुसऱ्या शब्दाची अक्षरं डी, एम, ई, एस, जी) आणि शेवटची तीन-चार पडदाभर मजकुराची छायाचित्रं मोबाइलवर घ्यायची. आज्ञा देताच ‘इनपुट/आउटपुट एरर’ आली, तर डिस्क संगणकाला दिसायचीच बंद झाली आहे आणि ती आज्ञासुद्धा डिस्कवरून वाचता येत नाही, असं समजावं. तेव्हा कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून मजकुराच्या पडद्यावर जाऊन बघा. कर्नलचे संदेश बरेचदा तिथे आपोआप उमटलेले असतात.

दुसरं काम डेटाच्या प्रतीचं. डिस्क वाचता येत असेल तर हीच वेळ चांगली आहे, कारण तिच्यावर काहीही लिहिलं जात नाहीये. पेनड्राइव्ह लावून महत्त्वाचं तेवढं उतरवून घ्या: वाचनालयाच्या बाबतीत देवघेवीचा डेटाबेस, सभासदांची यादी आणि अनुदानाची कागदपत्रं. बाकीची गाणी, चित्रं, डाउनलोड नंतर बघता येतील. निदान करायला यानंतरच बसायचं.

खालून वर वाचायचं

ताईंनी चार फोटो पाठवले. एका फोटोत पडद्यावर ट्यूबलाइट चमकत होती, तरी अक्षरं लागत होती. सगळ्यात खाली अपेक्षित ओळ होती, ‘रिमाउंटिंग फाइलसिस्टिम रीड-ओन्ली’. लोक हीच ओळ पकडून मदत मागतात. पण ती शेवटची घटना आहे, कारण तिच्या वर असतं. वर सरकत गेलो तर ‘जर्नल’ तुटल्याची ओळ, तिच्यावर ‘आय/ओ एरर, डेव्हाइस एसडीए’च्या सातआठ ओळी (एसडीए हे लिनक्सने डिस्कला दिलेलं नाव), आणि त्याहून वर ज्यासाठी फोटो मागवले त्या ओळी: ‘एटीए१.००’ने सुरू होणारा ‘एक्सेप्शन’, मग ‘फेल्ड कमांड: राइट एफपीडीएमए क्यूड’, मग महिरपी कंसात दोन शब्द, ‘आयसीआरसी एबीआरटी’. त्यानंतर ‘हार्ड रिसेटिंग लिंक’ पुन्हा पुन्हा, आणि मध्येच एक ओळ, की साटाचा, म्हणजे डिस्क आणि मदरबोर्डमधल्या जोडणीचा, वेग ३ गिगाबिटवर उतरवत आहोत.

त्या महिरपी कंसावर माझा सगळा भर असतो. ‘आयसीआरसी’ म्हणजे मदरबोर्डवरून निघालेला डेटा डिस्कपर्यंत पोचताना बिघडला. प्रत्येक पुडक्याबरोबर पडताळणीचा आकडा जातो, तो पलीकडे जुळला नाही. म्हणजे दोष वाटेत आहे. त्याच जागी ‘यूएनसी’ ही अक्षरं असती, तर अर्थ वेगळा: डेटा डिस्कच्या पृष्ठभागावरूनच वाचता येत नाही. पहिल्या दोषाला शेदीडशे रुपयांची केबल पुरते, दुसऱ्याला नवी डिस्क लागते. वेग उतरवल्याची ओळही वाटेकडेच बोट दाखवते. जोडणी टिकत नाही म्हणून कर्नल हळू बोलून बघतंय.

स्मार्टचे आकडे

नुसत्या लॉगवर विसंबायचं नाही म्हणून डिस्कलाही विचारलं. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. ‘स्मार्टमॉनटूल्स’ नावाचं पॅकेज घ्यावं लागतं. त्यातली ‘स्मार्टसीटीएल’ ही आज्ञा ‘हायफन ए’ लावून आणि डिस्कचं नाव देऊन चालवली की लांबलचक तक्ता येतो. वर ‘ओव्हरऑल हेल्थ: पास्ड’ असं लिहिलेलं असतं. त्या ‘पास्ड’वर विश्वास ठेवू नका. गुगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांवर स्मार्टच्या चार महत्त्वाच्या खुणांपैकी एकही उमटलेली नव्हती. स्मार्टमध्ये वाईट दिसलं तर ते नक्की वाईट, पण चांगलं दिसलं म्हणून डिस्क चांगली असेलच असं नाही.

तक्त्यात मी शेवटचा, ‘रॉ व्हॅल्यू’चा रकाना बघतो, आणि त्यातल्याही चार-पाचच ओळी. क्रमांक ५ म्हणजे खराब झाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे. १९७ म्हणजे वाचता येत नाहीत पण अजून निकालात काढलेले नाहीत असे. १९८ म्हणजे डिस्कने स्वतः तपासणी करताना न वाचता आलेले. आणि १९९ म्हणजे वाटेत बिघडलेल्या पुडक्यांची मोजणी. वाचनालयाच्या डिस्कवर ५, १९७ आणि १९८ समोर शून्य होतं. १९९ समोर १,२४३.

या १९९ बद्दल एक लक्षात ठेवायचं. हा आकडा कधीच खाली येत नाही. केबल बदलली, डिस्क दुसऱ्या संगणकाला लावली तरी जुनी मोजणी तशीच राहते. त्यामुळे जुन्या डिस्कवर मोठा आकडा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. तो वाढतोय का एवढंच बघायचं. मी कॅबिनेटच्या बाजूला पांढरी पट्टी चिकटवून तारीख आणि १,२४३ लिहून ठेवलं.

कॅबिनेट उघडल्यावर

वायर काढून कॅबिनेट आडवं केलं, बाजूचा पत्रा सरकवला. डिस्कच्या मागची लाल साटा केबल पत्र्याला टेकून काटकोनात दुमडलेली होती. घडी अगदी कनेक्टरच्या तोंडाशी, आणि घडीच्या जागी लाल आवरण पांढुरकं पडलेलं. या केबलला धातूची क्लिप नव्हतीच. बोटाने हलकेच हलवलं तर कनेक्टर कागदाच्या जाडीइतका इकडेतिकडे होत होता. कुणी टेबल सरकवलं, कुणी वाकून पेनड्राइव्ह लावला, की तेवढा धक्का पुरे.

संगणकाच्या आतला साटा कनेक्टर फार काढ-घाल सोसत नाही. मानकात त्याचं किमान आयुष्य ५० वेळा जोडणं-काढणं इतकं धरलेलं आहे. तपासायला म्हणून आपण दर महिन्याला तो ओढून लावत राहिलो तर आपणच तो सैल करतो. नवी केबल घेताना क्लिपवाली घ्या, गरजेपेक्षा लांब नको, आणि पत्रा लावल्यावर ती कुठे दाबली जात नाही ना ते बघा. मी मदरबोर्डवरचं तोंडही बदललं, पलीकडच्या पोर्टमध्ये लावलं. पोर्ट बदलल्यावर डिस्कचं नाव ‘एसडीए’चं ‘एसडीबी’ होऊ शकतं, पण एफस्टॅबमध्ये यूयूआयडी (विभागाची न बदलणारी ओळख) असेल तर काही अडत नाही. जुन्या हाताने लिहिलेल्या एफस्टॅबमध्ये थेट नावं असतात. ती ‘बीएलकेआयडी’ या आज्ञेतून मिळणाऱ्या यूयूआयडीने बदलून घ्या.

मग, आणि मगच, एफएससीके एकदा. सगळ्यात सुरक्षित म्हणजे लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून लिनक्स थेट चालतं) बूट करून, डिस्क माउंट न करता ‘ई२एफएससीके हायफन एफ’ चालवणं. पेनड्राइव्ह हाताशी नसेल तर ग्रबच्या, म्हणजे संगणक चालू होताना दिसणाऱ्या, यादीत ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी ‘एफएससीके.मोड=फोर्स’ टाकता येतं. ते त्या एका बूटपुरतंच राहतं. वाचनालयाच्या डिस्कवर लॉस्ट+फाउंडमध्ये अकरा फाइली निघाल्या. त्यात ब्राउझरचा कचराच होता, तरी देवघेवीचा डेटाबेस आदल्या दिवशीच्या प्रतीशी ताडून पाहिला. हे टाळू नका. फाइल सिस्टिम ‘क्लीन’ म्हणते तेव्हा ती फक्त आपल्या वहीबद्दल बोलते. फाइलींच्या आतला मजकूर तिने वाचलेला नसतो.

पंधरा दिवसांनी जाऊन बघितलं, १९९ समोर १,२४३च. मी निश्चिंत झालो.

पाचव्या आठवड्यात

पुन्हा फोन. पण यावेळी ताईंनी आधी फोटो काढले होते आणि एक गोष्ट सांगितली, जी कुठल्याच लॉगमध्ये मिळाली नसती. “दादा, आधी आतून टक् असा आवाज आला. मग पंखा सुरू झाल्यासारखं गर्र झालं. आणि मग अडकलं.”

टक् म्हणजे डिस्कचं डोकं घाईने बाजूला जाऊन बसल्याचा आवाज, आणि गर्र म्हणजे तबकडी थांबून पुन्हा फिरू लागल्याचा. संगणक चालू असताना डिस्क एकटीच बंद पडून पुन्हा चालू झाली होती. फोटोंत आयसीआरसी कुठेच नव्हतं, नुसतं ‘साटा लिंक डाउन’ आणि मग रिसेट. स्मार्टमध्ये १२ क्रमांकाची ओळ असते, डिस्कला किती वेळा नव्याने वीज मिळाली त्याची. ताईंना ती सकाळी आणि संध्याकाळी बघायला सांगितली. दिवसभर संगणक एकदाही बंद केला नव्हता आणि आकडा तीनने वाढला होता. इतका सरळ पुरावा हार्डवेअरच्या कामात फार क्वचित मिळतो.

पुन्हा पत्रा काढला. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) जुना, त्याला साटाचं वीज-कनेक्टर एकच, तेही डीव्हीडी ड्राइव्हला दिलेलं. डिस्कला वीज चार पिनांच्या जुन्या कनेक्टरवरून बदल-वायर लावून घेतलेली. त्या बदल-वायरीच्या पांढऱ्या प्लास्टिकमध्ये पिवळ्या तारेचं भोक तपकिरी पडलं होतं. पिवळी तार १२ व्होल्टची, डिस्कची मोटर तिच्यावर चालते. आतली पिन पसरून ढिली झाली होती आणि सैल जोडापाशी तापत होती. डीव्हीडी ड्राइव्ह दोन वर्षांत कुणी वापरला नव्हता. त्याचं कनेक्टर काढून थेट डिस्कला लावलं आणि बदल-वायर फेकून दिली. या बदल-वायरींपैकी तारांभोवती प्लास्टिक ओतून बनवलेला प्रकार तर घेऊच नये. आतल्या आत शॉर्ट होऊन ते जळतात.

तेव्हापासून १२चा आकडा संगणक चालू केला तेवढ्याच वेळा वाढतो. पहिल्या वेळी केबल बदलताना मी वीज-जोडाला हात लावून पाहिला असता तर हा पाचवा फोन आला नसता. पत्रा काढलाच आहे तर डेटाची आणि विजेची दोन्ही टोकं बोटाने हलवून बघा.

दोष डिस्कचाच निघाला तर

कंसात यूएनसी दिसलं, १९७ समोर शून्य नाही, किंवा ५चा आकडा आठवड्या-आठवड्याला वाढतोय, तर दुरुस्तीच्या फंदात पडू नका. राखीव जागेत गेलेले दोन-चार सेक्टर वर्षभर तेवढेच राहिले तर मी डिस्क वापरतो, पण वाढती डिस्क एक दिवसही वापरत नाही. अशा डिस्कवर एफएससीके चालवणं घातक, आणि ‘सीपी’ या नेहमीच्या आज्ञेने कॉपी करणंही बरं नाही, कारण ते वाईट जागेवर अडून त्याच त्याच ठिकाणी डिस्कला रगडतं. ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ वापरा. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, वाईट तुकडे बाजूला ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे वळतं. मॅपफाइल (कुठवर वाचून झालं त्याची नोंद) द्यायला विसरू नका. मध्येच लाइट गेली तरी काम जिथे थांबलं तिथूनच पुढे चालू होतं. प्रत दुसऱ्या धडधाकट डिस्कवर घ्यायची आणि एफएससीके चालवायचंच असेल तर त्या प्रतीवर.

लॉगमध्ये ‘एटीए’ची एकही तक्रार नाही, स्मार्ट स्वच्छ, आणि तरी प्रत्येक एफएससीकेमध्ये नव्या चुका निघतात, तेव्हा मेमरीवर संशय घ्या. ‘मेमटेस्ट८६+’ रात्रभर चालू ठेवा. २०२२ मध्ये आलेल्या त्याच्या सहाव्या आवृत्तीपासून ते यूईएफआयवरही, म्हणजे जुन्या बायोसची जागा घेतलेल्या व्यवस्थेवरही, चालतं. एक जरी लाल ओळ आली तरी रॅमच्या पट्ट्या एकेक करून तपासायच्या.

दिसायला तसंच, पण वेगळं

विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या संगणकावर विंडोजचा विभाग लिनक्समध्ये फक्त वाचता येतो, ही तक्रार मला सगळ्यात जास्त येते. तिचा डिस्कच्या तब्येतीशी काही संबंध नसतो. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. ‘शट डाउन’ दाबल्यावर विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं आणि विभागावर तशी खूण ठेवतं. ती खूण पाहून लिनक्स तिथे लिहायला नकार देतं आणि ते बरोबरच आहे. विंडोजमध्ये जाऊन शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, किंवा फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करा. जबरदस्तीने माउंट करून लिहू नका.

‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ हा तर अगदी वेगळा आजार. ‘डीएफ हायफन एच’मध्ये जागा दिसत असूनही तो आला तर ‘डीएफ हायफन आय’ देऊन आयनोड (प्रत्येक फाइलच्या नोंदीसाठीच्या जागा) संपलेत का बघा. लाखो बारीक फाइलींनी ते संपतात. ईएक्सटी४ मुळात ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे लिनक्सच्या मुख्य खात्यासाठी, राखून ठेवते. ५०० जीबीच्या डिस्कवर ती २५ जीबी होते, आणि नुसत्या डेटाच्या विभागावर ‘ट्यून२एफएस’ने ती १ टक्क्यावर आणायला हरकत नाही.

बाहेरची यूएसबी डिस्क मध्येच गळून पुन्हा नव्या नावाने येत असेल तर आधी ती कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमधून काढून मागच्या, थेट मदरबोर्डच्या पोर्टमध्ये लावा आणि आखूड केबल वापरा. यूएसबी २ च्या मानकात ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३ मध्ये ९००. फिरती डिस्क सुरू होताना जास्त ओढते, आणि पुढच्या पोर्टची लांब बारीक वायर तिथेच कमी पडते.

वाचनालयातल्या त्या पांढऱ्या पट्टीवर आता तीन रकाने आहेत: ५, १२ आणि १९९. दर महिन्याच्या एक तारखेला वर्तमानपत्रांची बिलं लावून झाली की ताई टर्मिनल उघडतात आणि बॉलपेनने तीन आकडे लिहितात. मागच्या वेळी गेलो तेव्हा पट्टी भरली होती. त्यांनी खाली दुसरी चिकटवली होती, आणि १९९च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत १,२४३ होतं.